वाइनवाल्याचं घर पाहून आलो

परदेशातून माणूस चॉकलेटं आणते, मी किस्से आणले. आणले होते चारपाचच. पण पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत लिलावाआधी चहा होते अन् चहासंग एक तरी सांगाच लागते. सांगता सांगता त्याइले पोरं होऊन राहिली, बाप्पा!

आधी गेलो काहून ते ऐका. आमच्या रश्मीनं फ्रान्समधला पोरगा पसंत केला. पोरगा चांगला, पण घरचा धंदा वाइनचा! आमच्या खानदानात कोणी थेंबाले शिवलं नाही. मी म्हटलं, "हो-नाही नंतर. आधी घर पाहून येतो." पोरीच्या बापानं घर पाहावं, ही तं आपली रीतच आहे. मंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पासपोर्ट काही आला नाही. मी एकटाच निघालो. तिथं त्याइचं बोलणं मराठीत सांगाले रश्मी होतीच.

*

पहिलंच जेवण. पोराच्या आईनं भाजीचं भांडं पुढं केलं. आपल्या सवयीनं मी म्हटलं, "नको, नको!" तिनं भांडं उचललं अन् चालली! आता आपल्याकडं पहिलं 'नको' म्हणजे 'वाढा' असते नं? दुसऱ्या 'नको'ले अर्धी पळी, तिसऱ्याले पान झाकून घ्या लागते. इथं तं आग्रह नावाची चीजच नाही! उपाशीच उठलो.

दुसऱ्या दिवशी ती किचनमधून निघाली तशीच मी ओरडलो, "हो! हो!"

रश्मी म्हणे, "बाबा, त्या टेबल पुसायला येऊन राहिल्या."

*

एक दिवस गिऱ्हाईक आले, वाइन चाखाले. ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, तोंडात खळखळ घोळवला अन् पचकन बादलीत थुंकले! मी रश्मीले हळूच म्हटलं, "इतकी खराब आहे तं हे विकून काहून राहिले?"

"बाबा, चांगली आहे. पण दिवसभर चाखायची तर शुद्धीत राहावं लागते नं!"

थुंकण्याचं आमच्या तंबाखू-खर्रेवाल्याइले कोणी काय शिकवावं? पण सगळेच्या सगळे बादलीतच थुंकतात, हे मात्र मी जिंदगीत पहिल्यांदा पाहिलं!

*

पोराच्या आजीचा वाढदिवस होता. सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून ग्लास टेकवले. मीही पाण्याचा ग्लास उचलला तं पोराच्या आत्याबाई दचकल्याच! पाण्यानं चीअर्स करणं म्हणे अपशकुन. मले हासू आलं. पण मांजर आडवी गेली म्हणून निघताना मीच गाडी थांबवली होती, हे कोणत्या तोंडानं सांगू?

पोराचा बाप, अँद्रे, उठला. तळघरात जाऊन द्राक्षाचा ताजा रस आणला अन् माझ्या ग्लासात ओतला. म्हणे, "ही वाइनच आहे. फक्त लहान आहे अजून!"

माणूस मले आवडाले लागला होता. पण 'इवाई', म्हणजे व्याही, हा शब्द मी तोंडातून काढला नाही.

*

द्राक्षाची तोडणी संपली त्या दिवशी त्याइनं ट्रॅक्टरले फुलं बांधली, फांद्या बांधल्या अन् हॉर्न वाजवत गावभर मिरवणूक! अरे, हा तं आपला पोळा! मी बॅगेतून कुंकवाची डबी काढली अन् ट्रॅक्टरच्या बोनेटले टिळा लावून हात जोडले.

तासाभरानं बाहेर पाहतो तं शेजाऱ्याचे दोन ट्रॅक्टर लाइनीत उभे!

*

त्याच दुपारी अंगणात जेवाले बसलो. अँद्रेनं विचारलं, "पोळा तं समजला. दुसऱ्या दिवशी काय करता?"

आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार. सांगितलं मंग. जाम नदीच्या या काठाले आम्ही, त्या काठाले सावरगाव, मधात झेंडा, अन् दोन्हीकडून दगड.

"माणसांवर? दगड?"

"हो. अन् मंदाचं माहेर सावरगावचंच आहे!"

सगळे हासले. पण अँद्रेले कारण पाहिजे होतं. मी म्हटलं, "लोकं सांगतात, पांढुर्ण्याच्या पोराचं सावरगावच्या पोरीवर प्रेम बसलं. तिले घेऊन तो नदीच्या मधात आला अन् दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. दोघंही तिथंच गेले."

ही कहाणी आजवर लय जणांले सांगितली. कोणी झेंड्याचं विचारते, कोणी पोलिसाचं. अँद्रेनं काहीतरी विचारलं. एरवी धडाधड मराठीत सांगणारी रश्मी ताटाकडं पाहत बसली.

"काय म्हणे तो?" मी विचारलं.

"ते विचारतात... पोरीचा बाप कुठं उभा होता?"

मी पाव तोडला अन् ताटातच ठेवला. अँद्रेही माझ्याकडं न पाहता पाव तोडत बसला.

तेवढ्यात मंदाचा फोन. "जेवले का? कोणासंग बसले आहा?"

मी म्हटलं, "इवायासंग!"