सुलभा घोरत नव्हती

शरीररचनेचा एक अटळ नियम माझ्यासमोर मोडला गेला आणि त्याला दोन शुद्धीवरची माणसं साक्षीदार आहेत. वाक्य जरा भारदस्त झालंय, कबूल. म्हणून लगेच सांगून टाकतो... त्या दोघांपैकी एक जण तेव्हा जवळा निवडत होती, आणि हा सगळा प्रकार माझ्या बायकोच्या घोरण्याचा आहे. वेळ दुपारी सव्वातीनची, लख्ख ऊन. ज्यांना उलटे पाय वगैरे अपेक्षित असतील त्यांनी इथूनच निरोप घ्यावा.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले. जिथे देवांना जागा उरली नाही तिथे भुतांना कोण ठेवून घेणार? त्यात माझी नोकरी अशी, की सत्तावीस वर्षं मी परळच्या एका मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवतोय. मृत माणसांच्या सहवासात आयुष्य गेलं. एकानेही कधी त्रास दिला नाही. जिवंतांबद्दल असं म्हणता येणार नाही.

पहिल्या वर्षाला मी डोकं आणि मान शिकवतो — कान, नाक, तोंड, घसा. मुलांना सांगतो, घसा म्हणजे चौक. नाकातून आलेली हवा आणि तोंडातून आलेला घास इथे एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे होतात. हवा पुढे, स्वरयंत्रातून श्वासनलिकेत; घास मागे, अन्ननलिकेत. सगळा कारभार सिग्नलवर. मुलं हसतात, लिहून घेतात, परीक्षेत चौकाचं चित्र काढतात.

सुलभा, माझी बायको, लालबागच्या एका मराठी शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. खाली रस्त्यावर ढोल वाजत असले तरी तिचा पाढा शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं तिने. तरी स्वरयंत्राचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी शाळेने सत्कार केला. शाल, श्रीफळ, बॅनरवर नाव चुकलेलं. एक विश्वस्त पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "मॅडमांचा आवाज आमच्या हृदयात कायम राहील." सुलभा माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, हृदयात स्वरयंत्र असतं का हो? तुमच्या पुस्तकात बघा जरा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करायला बसलो. "काय बोलू? कविता म्हणू?" असं तिने विचारलं आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. "तिसरी झाली, गॅस बंद करा आधी!" एवढंच आहे. बावीस सेकंद, त्यातली निम्मी कुकरची.

आता थोडी ॲनाटॉमी... पुढचं त्यावर उभं आहे. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं तोंड मानेला पुढून भोक करून तिथे शिवतात. माणूस त्या भोकातून श्वास घेतो. नाक-तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध कायमचा तुटतो. आवाज जातो हे सगळ्यांना कळतं. बाकीचं घरी आल्यावर कळत जातं. चहावर फुंकर घालता येत नाही. सुलभा बशीवर पेपरची घडी हलवत बसायची. नाकातून हवा फिरत नाही म्हणून फोडणीचा वास येत नाही. शीळ घालता येत नाही. आणि घोरता येत नाही. घोरणं म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ हवेच्या झोताने फडफडणं. झोतच नाही, तर फडफडणार काय?

हे मी लग्नानंतर एकतीस वर्षं तिचं घोरणं ऐकलेला माणूस सांगतोय. ती मात्र ठाम — "मी घोरत नाही." मी म्हणायचो, "सुलू, कूस बदल." ती झोपेतच कूस बदलायची, आवाज थांबायचा, आणि सकाळी पुन्हा तेच, "मी? शक्यच नाही."

ऑपरेशननंतर घर गप्प झालं. घशाला लावून बोलायचं यंत्र आणलं, ते तिने एकदा लावलं आणि कपाटात ठेवलं. पाटी-पेन्सिल घेतली. अक्षर शिक्षिकेचं, सुरेख. पण मला वाचायला नको होतं. मला काहीतरी ऐकायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

सात महिने झाले होते. मार्चमधला रविवार. आमचं घर परळला, अकरावा मजला, चाळ पाडून उभी केलेली इमारत. नायगावहून माझी धाकटी बहीण मंगल आली होती आणि स्वयंपाकघरात जवळा निवडत होती. सुलभाला जवळ्याचा वास कधीच सहन व्हायचा नाही. "आता चालेल वहिनीला," मंगल म्हणाली आणि तिने जीभ चावली. सुलभा आत झोपलेली. मी बाहेर पेपर तपासत होतो.

"मंगल, चहा टाक गं," मी ओरडलो.

"हळू बोल ना दादा! वहिनी कशी घोरतेय बघ. किती दिवसांनी गाढ झोप लागलीय बिचारीला."

"बरं," म्हणून मी पुढचं उत्तर तपासायला घेतलं. अर्धं तपासलंही. मग पेन थांबलं.

आवाज येत होता. तोच. आधी करवत ओढल्यासारखा, मग मध्ये तो घाबरवणारा थांबा, मग सुटल्यासारखा. मी आत गेलो. ती उताणी झोपली होती, तोंड किंचित उघडं. मानेतल्या भोकात कफ साचला की घरघर होते, ते आधी तपासलं. भोक स्वच्छ, श्वास शांत. आवाज तिथला नव्हता, वरून येत होता.

इथे दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पलंगाच्या कडेला बसून ऐकलं असतं. मी बॅगेतून जीभ दाबायची स्टीलची पट्टी काढली. हवा येतेय का ते बघायला ती नाकाखाली धरतात. हवा असेल तर वाफ धरते. नाकाखाली धरली — कोरडी. तोंडासमोर धरली — कोरडी. मानेच्या भोकासमोर धरली — वाफ. म्हणजे हवा जिथून जायला हवी तिथूनच जात होती. आणि सुलभा घोरत होती.

मी गुडघ्यावर बसून कारणं शोधू लागलो. अन्ननलिकेतली हवा? सुरात, इतका वेळ? माझ्या कानांचा भास? मग मंगलचं काय? एकेक रद्द करत होतो, पण डोक्याशीच तो आवाज... विचार सुधरेना. आणि मी, एकतीस वर्षांच्या सवयीने, म्हणालो,

"सुलू, कूस बदल."

तिने कूस बदलली. आवाज थांबला.

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. चार्ज केलेला.

तिला जाग आली. माझ्या हातातली पट्टी बघून तिने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "घोरत होतीस." तिने पाटी ओढली. लिहिलं, "मी घोरत नाही." एकतीस वर्षांत पहिल्यांदा विज्ञान तिच्या बाजूने होतं. खाली आणखी लिहिलं, "सर, तुमचंच पुस्तक वाचा." आणि हसली. तिच्या हसण्यात आता फक्त खांदे हलायचे.

मी हसलो नाही, हे तिला दिसलं. तिने पाटी पुसली. मग लिहिलं, "जोरात होतं?"

"नेहमीसारखं," मी म्हणालो. "मंगललाही ऐकू गेलं."

तिने मान हलवली. ते दोन शब्द रात्री जेवायला बसेपर्यंत तिने पुसू दिले नाहीत.

पुन्हा कधी तो आवाज आला नाही. मी रोज दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसायचो, फोन हातात घेऊन. जुलैत ती गेली. पुण्यानुमोदनाला तेच विश्वस्त बोलायला उभे राहिले — "मॅडम आता शांत झोपल्या आहेत." शेजारी बसलेली मंगल पुटपुटली, "शांत? वहिनी?" आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसून हसलो. मला ते हसणं आवरता आलं नाही, आणि नंतर ते हसणंही राहिलं नाही.

कान-नाक-घशाच्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कफ असेल रे." मी म्हटलं, "असेल." मंगलला विचारलं तर म्हणते, "त्यात काय एवढं? झोपलेलं माणूस घोरतंच." माझ्याकडे या दोन्हींपेक्षा बरं स्पष्टीकरण नाही. ही दोन्ही चुकीची आहेत, एवढंच मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात तोंडी परीक्षा होती. समोर एक चुणचुणीत मुलगी. मी विचारलं, "स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर पेशंट घोरू शकतो?"

"नाही सर. नाका-तोंडातून हवाच जात नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, सर."

पाचपैकी पाच दिले.