मालगाडीचे अभ्यंगस्नान

ज्या माणसाने जन्मभर चारचौघांना अंतःशुद्धीचे धडे दिले, त्याच्या हातून केवळ शुद्धीच्या हव्यासाने केवढा अनर्थ घडावा, हे ऐकायचे असेल तर जरा सरकून बसा. चहा मात्र आधी पिऊन घ्या. माझे बोलणे संपेपर्यंत तो थंड होतो, असा माझ्या निरूपणाचा आमच्या सौंसर गावभर लौकिक आहे. हसू आले तर हसा, पण बेताने. या गोष्टीत एक बाई आहे, आणि ती आता या जगात नाही.

माझा धाकटा भाऊ मधुकर पांढुर्ण्याला स्टेशनाजवळ राहतो. मालगाडीचा गार्ड म्हणून त्याने सारी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे? हाती माळ घ्यावी, पोथी उघडावी, ते न जमल्यास संत्र्याच्या बागेत दोन घटका शांत बसावे. याने काय करावे? याने घरात मालगाडी आणली!

खेळण्यातली म्हणाल तर त्याला राग येतो. वीतभरही नसतील असे एकेक डबे. कोळशाचे उघडे, धान्याचे बंद, तेलाच्या टाक्या. कोणी हौसेने परदेशातून आणून पुढे कंटाळून विकायला काढलेला डबा मधुकर टपालाने मागवी, त्यावरची परकी अक्षरे खरवडून काढी, चाके बदली, आपल्याकडचा रंग देई, बारीक कुंचल्याने नंबर घाली. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी फळ्या ठोकून त्यावर त्याने रूळ अंथरले होते. पाहुण्यांनी बसायचे कुठे? उभ्यानेच पाहायचे आणि उभ्यानेच जायचे.

पण रंग दिला म्हणजे डबा पुरा झाला, असे त्याच्या शास्त्रात नाही. खरी साधना त्यापुढे. नवा कोरा डबा घ्यायचा आणि तो मळवायचा! खिळे भिजवून केलेल्या गंजाचे पाणी, कोळशाची वस्त्रगाळ पूड, विटकरीचा चुरा; जिथे पाऊस ओघळतो तिथे ओघळ, जिथे हमालाचा हात लागतो तिथे काळपट छटा. वरून लाखेचे रोगणही द्यायचे नाही, कारण त्याने चमक येते. जो डबा वर्षानुवर्षे उन्हापावसातून आल्यासारखा दिसेल, तो सिद्ध झाला.

हे सगळे मी तुम्हाला आज सांगतो आहे. त्या अनर्थाच्या वेळीही मला ते ठाऊक असायला हवे होते, कारण मधुकरने मला समोर बसवून एकेक डबा हाती देऊन सांगितले होते. मी तेव्हा जप करीत होतो. डोळे अर्धे मिटून दर मण्याला "हं" म्हणत होतो. त्याला वाटले दादा ऐकतो आहे; मला वाटले देव ऐकतो आहे. दोघांचाही अंदाज चुकला.

आता त्या बाईचे ऐका. मधुकरची बायको शांता. कोळसा खलबत्त्यात कुटून जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळून देण्याचे काम तिचे. सगळ्या गाडीच्या शेवटी जो गार्डचा डबा लागतो, तो मधुकर सर्वांत जीव लावून करीत होता. गंज ओला असताना शांताचा काळा अंगठा त्यावर टेकला.

"शांते! डबा वाया घातला ना तू!"

"वाया कायले जाते? गार्डाचा डबा होय ना? मंग गार्डाच्या बायकोची सही असू द्या त्याच्यावर."

त्यावरून मधुकर दिवसभर तिच्याशी बोलला नाही. त्याच हिवाळ्यात शांता गेली. अचानक गेली, सकाळी कोळसा गाळून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्यानंतर मधुकरने गाडीला आणखी पुष्कळ डबे जोडले, पण त्या अंगठ्याला हात लावला नाही. हेसुद्धा त्याने मला सांगितले होते. हेसुद्धा मी "हं" म्हणून ऐकले होते.

यंदा नवरात्राच्या तोंडावर मधुकरच्या छातीत कळ आली. नागपूरला नेले, नळीत जाळी बसवली. त्याची मुलगी वंदना सोबत राहिली. घर उघडे पडू नये म्हणून मी आणि आमची सौभाग्यवती सौंसरहून पांढुर्ण्याला येऊन राहिलो. दवाखान्यातून मधुकर फोनवर एवढेच म्हणाला, "दादा, डब्याईकडं लक्ष ठेवजा."

लक्ष ठेवले! असे ठेवले की शत्रूही ठेवणार नाही.

शांताशिवायचे ते घर मी प्रथमच इतके दिवस अंगावर घेत होतो. देव्हाऱ्यात सुकलेली फुले, तुळस वाळलेली, खुंटीवर तिची पिशवी तशीच. बाहेरून मालगाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरत आणि मग घर पुन्हा मुके होई. त्या अवस्थेत माझी दृष्टी फळीवरच्या गाडीवर गेली. गंजलेले, काजळलेले, चिखलाने माखलेले डबे! मला गहिवरून आले. बायको गेल्यावर बिचाऱ्याने धूळसुद्धा झटकली नाही. मनाचे औदासीन्य वस्तूवर कसे साचते पाहा! या दृष्टान्तावर तर घटकाभर निरूपण होईल, असेही मनात आले. खोटे कशाला बोलू?

खंडेनवमी जवळ आली होती. ज्या अवजाराने घर चालते ते त्या दिवशी धुवावे, पुसावे, पुजावे, हा आपला धर्म. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, तशी गार्डची मालगाडी! आणि दसऱ्याला मधुकर घरी यायचा होता. दारातून आत पाऊल टाकताच लखलखीत गाडी दिसली तर त्याची निम्मी व्याधी तिथेच उतरेल, अशी माझी खात्री झाली.

विचारल्याशिवाय हात लावला असे मात्र म्हणू नका. मी फोन केला. आरंभी देह हा डबा, श्वास हे इंजिन, असे थोडे मांडले, मग मळ आणि निर्मळता यांचा संबंध उलगडला, आणि शेवटी स्पष्ट विचारले, "तर मधुकरा, हे डबे धुऊन काढू ना?"

पलीकडून काही वेळाने आवाज आला, "हो दादा, हो."

पुढे वंदनेने सांगितले ते ऐका. माझे निरूपण सुरू झाले की मधुकर फोन हळूच उशीवर ठेवतो आणि आवाज थांबला की उचलून "हो दादा" म्हणतो. आज नव्हे, कित्येक वर्षांपासून! माझे निरूपण आजवर सर्वांत निष्ठेने कोणी ऐकले असेल, तर ते एका उशीने.

नवमीला सकाळी सोवळे नेसून मी अंगणात बसलो. रिठ्याचे कोमट पाणी, मऊ फडके, दात घासायचा जुना ब्रश. सौभाग्यवती दारात उभी.

"अहो, राहू द्या ना. त्यायच्या वस्तूले कायले हात लावता?"

"त्याने होकार दिला आहे."

"भाऊजीनं? ऐकलं तरी का त्यायनं?"

बायकोला माझ्याविषयी जे ठाऊक असते, ते मला नेहमी उशिरा कळते. तिने आणखी एक वाक्य टाकले. "सारा संसार झाला, एक चमचा घासला नाही तुमी. आन आज हे काय करून राहिले?"

मी तिकडे दुर्लक्ष केले आणि पहिला डबा पाण्यात बुडवला. काय सांगू! गंज असा झरझर सुटला की पाणी गेरूसारखे झाले. आतून तांबडालाल रंग उमलला. मला तर पापक्षालन प्रत्यक्ष पाहतो आहे असे वाटले. एकामागून एक डबे न्हाऊ लागले. त्यावरचे पांढरे नंबरही काही ठिकाणी विरघळले. पण नामरूप गेल्यावरच स्वरूप उरते, असे मी मनाला समजावले.

शेवटी गार्डचा डबा. त्याच्या कडेला एक काळा डाग होता. तो काही केल्या जाईना. मी ब्रश बदलला. जाईना. मी नामस्मरण वाढवले.

गेला.

डबे तुळशीकट्ट्यावर उन्हात वाळवले, प्रत्येकावर कुंकवाचे बोट टेकवले, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि वंदनेला व्हिडिओ कॉल लावला. तिचे बाबा झोपले होते. मी मोबाइल गाडीवरून संथपणे फिरवला, आरतीसारखा.

"मोठेबाबा... हे डबे कोणाचे होत?"

"तुझ्याच बाबांचे! ओळखू येत नाहीत ना? केवढी घाण होती त्यांवर!"

वंदनेचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला.

"मोठेबाबा, ते घाण नोहती. बाबांनी लावली होती ते. एकेका डब्याले महिना महिना लागे. अन आईचा अंगठा? तो आहे ना?"

मी गार्डचा डबा उचलून पाहिला. आरशासारखा स्वच्छ. त्यात मला माझाच चेहरा दिसला. तो पाहण्यासारखा नव्हता.

"मोठेबाबा, बाबांना आज कायबी सांगू नका. डॉक्टरनं त्यायले धक्का देऊ नका म्हटलं आहे."

मधुकर यायला एक रात्र होती. तुम्ही काय केले असते? मी ठरवले, जे धुतले ते परत मळवायचे! ज्याने जन्मभर मळ जाळायला सांगितले, तो सोवळे नेसून घरभर मळ शोधू लागला. समईची काजळी खरवडली. चुलीची राख चाळली. गंज कुठून आणू? अंगणातल्या लोखंडी बादलीचे बूड दगडाने घासले, चिमूटभर निघाला. म्हणून कुंकू तेलात कालवले आणि त्यात हळद टाकली. रंग मला तरी हुबेहूब वाटला. बोटाने डब्यांना लावत सुटलो.

सौभाग्यवती दिवा लावायला आली, ती डब्यांसमोर थबकली.

"अहो, हे गाडी होय का मारोती?"

पाहतो तर खरेच! एकेक डबा शेंदूर फासल्यासारखा लालभडक, तेलाने निथळणारा. माझ्या हातांना दुसरे काही येतच नव्हते. मळवायला घेतले तरी पूजाच होत होती. आता ते पुसावे तर पुन्हा धुणे आले. पुसले, आणि उरलेसुरले नंबरही त्यासोबत गेले.

दसऱ्याला दुपारी मधुकर वंदनेच्या खांद्याला धरून आत आला. निम्मा झाला होता. त्याने मला आपट्याचे पान दिले, पायाला हात लावला, आणि मग फळीकडे वळला. वंदना त्याच्या पाठीशी खुर्ची घेऊन उभी राहिली.

तो ओरडेल, असे मला वाटले होते. ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने फक्त गार्डचा डबा उचलला, खिडकीपाशी नेला आणि त्याच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवत राहिला. अंधारात विजेचे बटण शोधतात, तसा.

"इथं होता," तो म्हणाला.

मी म्हणालो, "मधुकरा, मला वाटले मळ आहे."

"मळच होता, दादा." तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तुमी शनवारी जामसावळीले जाता ना?"

"जातो."

"तिथं मारोतीच्या अंगावर इतका शेंदूर चढून राहिला. कोणाकोणाच्या हातचा असंल. एखाद्या दिवशी कोणी भला माणूस रिठ्याचं पाणी घेऊन आला, अन म्हणाला, देव मळून राहिला, जरा साफ करून देतो. तुमी काय कराल?"

माझ्या पाठांतरात पुष्कळ आहे. हात मात्र माळेकडे गेला. सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बोला ना आता. इतर वेळी तर थांबत नाही." पण मी थांबलो. जन्मात प्रथम मी न बोलता ऐकत होतो; ऐकण्यासारखे मात्र काही उरले नव्हते. बाहेरून एक मालगाडी गेली आणि ती जाईपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडेच कान देऊन राहिलो.

मधुकर आता बरा आहे. त्याने पुन्हा सारे डबे मळवायला घेतले. कोळसा कुटून गाळून देण्याचे काम माझ्याकडे आले. एकादशीच्या एकादशीला मी सौंसरहून बसने जातो आणि शांताच्या खलबत्त्यात कोळसा कुटतो. कुंचला तो माझ्या हाती देत नाही. एकदा मीच धीर करून म्हटले, "मधुकरा, त्या शेवटच्या डब्यावर हवे तर माझा अंगठा लाव." त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी निमूटपणे खलबत्त्याकडे वळलो.

तो डबा त्याने मळवलाच नाही. सगळी गाडी गंजलेली, थकलेली, आणि तिच्या शेवटी तो एकटा गार्डचा डबा नवा कोरा, लग्नातल्या पाहुण्यासारखा लखलखत जातो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "मधुकरभाऊ, हा एकच असा कसा?"

मधुकर मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवतो.

"तो आमच्या दादानं पावन केला."

ऐकणारे बहुधा भाविक असतात. कोळशाने माखलेल्या या म्हाताऱ्यापुढे ते वाकतात, पायाला हात लावतात, आणि मी खलबत्ता बाजूला ठेवून त्यांना आशीर्वाद देतो. काय करू? नाही म्हणायचे तर त्यांना सगळे सांगावे लागेल.