भेवासाठी अंथरलेलं पोतं

कुणी घाबरंघुबरं होऊन दारात आलं, की मामाजी हातातलं दाभण पोत्यात खोचायचे, बाजूचं रिकामं पोतं झटकून अंथरायचे आणि म्हणायचे, "बस. अन् भेवालेई बसू दे."

अकोल्यात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहायचे; सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायचे. कापसाच्या जिनासाठी घरीच सरकीची पोती शिवायचे. तोंडभर देवीचे व्रण, एक डोळा लहानपणीच त्या आजारात गेलेला. नव्या माणसाने नजर वळवली, की स्वतःच म्हणत, "पाहून घे निवांत. पयसे नाई लागत." तुमच्याही शेजारी असा कुणी राहिला असेल. नसेल, तर तुमचं नशीब थोडं उणंच म्हणायचं.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत देवीची साथ आली. घरातले देव सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मोर्णा नदीत सोडले होते. त्यात देवीच्या आजाराची मातामायही होती. माझ्या पोरीच्या अंगावर फोड दिसले आणि सासूबाई मटकन खाली बसल्या. "कोपली वो माय! आपुनच तिले पान्यात टाकलं."

मी त्यांना हसायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. शेजारणी दारावरूनच विचारून जायच्या. आत यायचे ते एकटे मामाजी. एकदा देवी येऊन गेलेल्याला ती पुन्हा होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माह्याजवळ आता तिले नेयासारखं काय हाय?" म्हणत ते पोरीच्या ओठांवर कापसाच्या बोळ्याने पाणी सोडत बसत.

पोर मलाही ओळखेना, त्या दुपारी सासूबाई वहाणा घालून निघाल्या. नवस बोलून मायला परत घरात आणणार होत्या. मी दार अडवून उभी राहिले. जाऊ दिलं तर देव न पुजण्याचा दीक्षेत दिलेला शब्द मोडतो. अडवलं आणि पोर गेली तर?

मी सासूबाईंकडे बोट करून म्हणाले, "मामाजी, तुमी तरी सांगा यायले!"

त्यांनी पोरीच्या बाजेशी पोतं अंथरलं. "वैनी, जायचं तं जा. मी कोन अडवनारा? पन ऊन उतरू द्या. तवरिक पोरीचं डोकं मांडीवर घ्या. भेवालेई बसू द्या बाजूले."

सासूबाई बसल्या. ऊन उतरलं तरी उठल्या नाहीत.

"तुमाले नाई लागत भेव?" मी मामाजींना विचारलं. त्यांनी पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. देताना निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं.

"लागते ना वो. हाकललं तं मांगं लागते. बाजूले बसवलं, तं काम करू देते."

पोर वाचली. चेहऱ्यावर व्रण राहिले. आरसा फेकून रडायची, तेव्हा ते म्हणत, "रडते कावून? आता आपुन दोघं एका घरचे."

काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी पोर आणि मी गेलो, तर त्यांनी माझा पदर गच्च पकडला. "सूनबाई, लय भेव लागून राहिलं." ज्यांच्याकडे सारी वस्ती धीर मागायला जायची, त्यांनीच हे म्हणावं! मीच रडायला लागले.

पोरीने कोपऱ्यातलं पोतं झटकलं आणि खाटेशी अंथरलं. मग खाटेवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "बसू द्या त्याले, आबा."

माझ्या पदरावरची मूठ सैल झाली. दुपारी ते गेले.

माणसं जमली. कुणीतरी जागा करायला ते पोतं गुंडाळू लागलं.

"राहू द्या," पोर म्हणाली. "आता मले लागन."