दुआ मागायची लाज

लग्न होऊन वडशाला आले तेव्हा मी पाचही वेळच्या नमाजा चुकवत नव्हते, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. नवरा शिंपी. हिवाळ्यात नाटककंपन्यांचे पोशाख शिवायचे असले की तो दुकानातच असायचा. घरी मी आणि सासू. त्यांना मी अम्मी म्हणायचे. आम्ही नवरा-बायको घरात हिंदी बोलायचो, पण अम्मी कुरखेड्याकडच्या खेड्यात वाढलेल्या, त्या झाडी बोलीच बोलायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा अम्मींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं तेवढं राहिलं, अडखळत. भरवणं, पुसणं, अंथरूण बदलणं सगळं माझ्याकडे आलं. शेजारणी म्हणायच्या, जन्नत कमावून राहिलीस. मी मान खाली घालायचे.

कारण एका दुपारी नमाजनंतर दुआला हात उचलले, आणि अम्मींना बरं कर म्हणायच्या आधीच मनात आलं, आता यांना उचल. ओठांवर काही आलं नव्हतं. पण ज्याच्यापुढे बसले होते त्याला तर ऐकू गेलंच असणार. दुआ संपवताना हात चेहऱ्यावरून फिरवतात, ते न करताच मी उठले.

त्यानंतर नमाज पढायचे, शेवटचा सलाम फेरायचे आणि जानमाजची चटई गुंडाळून उठायचे. मागायचं काहीच नाही. पाठ असलेल्या दुआही म्हणवेनात. अम्मींची खाट त्याच खोलीत होती. एकदा पेज भरवताना त्या म्हणाल्या, "आजकाल हात नाई उचलत तू. काऊन?"

कामं पडलेली असतात, मी म्हटलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं, चमचा घेईनात. मग मला रडू फुटलं. जे मनात येतं ते मागायची लाज वाटते, आणि जे मागायला हवं ते मनात येत नाही, असं मी सांगितलं. पुढचं बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. कळलं असावं, कारण त्या बराच वेळ आपल्या लुळ्या हाताकडे बघत राहिल्या.

"जे आलं तेच सांग त्याले," शेवटी म्हणाल्या. "त्याच्यापाशी धुऊन-पुसून न्या लागत नाई. मी बी लई वाईट बोलली त्याच्यासंग."

संध्याकाळच्या नमाजनंतर मी हात उचलले. या अल्लाह, मी थकले. अम्मी मराव्यात असं मला वाटतं. आणि मला यांची मायाही आहे. एवढंच बोलता आलं. मग उठून अंथरूण बदललं. किळस कालच्याइतकीच आली, पण त्यांच्या डोळ्यांत बघता आलं.

अम्मी पुढचा पावसाळा संपेपर्यंत होत्या. तेवढ्या काळात माझी दुआ लांबत गेली. मागणं कमी, सांगणं जास्त. त्या गेल्या त्या सकाळी, बायकांबरोबर त्यांना आंघोळ घालताना, माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते सुटल्याचं. तेही मी त्याला सांगितलं, मान वर न करता.

नवऱ्याला मात्र आजवर सांगता आलेलं नाही.