प्रोसेसरची जागा आणि माझी खुर्ची

मंडळी, आज चेन्नईत, अड्यारच्या ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली.

एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवायचं होतं. त्याची मेमरी मी दोन भागांत वाटली, पण कुठला प्रोसेसर कुठल्या भागाजवळ, हे लिहिलंच नाही. मग बिचारे प्रोसेसर लांबच्या मेमरीकडे हेलपाटे घालत बसले आणि मशीन रखडलं. उद्या ग्राहकाला दाखवायचंय, आणि मी मशीनलाच शिव्या घालतेय!

शेजारची पद्मा, तंजावरकडची मराठी, स्क्रीन बघून हसली. "अगं, त्यांना जागा कोण सांगणार?"

जागा लिहिल्या आणि मशीन पळायलाच लागलं.

पुण्याहून आल्यापासून मी डबा एकटीच खाते. आज जेवणाच्या सुट्टीत पद्मानं आपल्या शेजारी एक खुर्ची ओढली. "ही तुझी."

तुमच्या ऑफिसात कोण एकटं जेवतंय?