तापातली पेज

वाडीत कोणाला ताप आला की आधी आवडाबाईला हाक जायची, मग वैद्याला. तिचं औषध एकच, लंघन. ताप उतरेस्तोवर पोटात शीत जाता कामा नये. पोर रडून वाडी डोक्यावर घेवो, ही चुलीला आडवी उभी. "घाल, घाल, तापाला जेवू घाल!" म्हणून आयांना झाडायची. तिची स्वतःची पोरं अशीच जगली होती.

अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात तिचा नवरा महिपत आंब्याच्या कलमावरून खाली कातळावर पडला. राजापूरकडून रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात आणला तो बेशुद्धच. नाकातून पोटापर्यंत नळी घातली. नळीत पिचकारीने पेज कशी सोडायची ते नर्सने आवडाबाईला शिकवलं. इस्पितळामागे दगडांच्या चुलीवर ती पेज शिजवी, फडक्यातून गाळी आणि सोडी.

मग महिपतला ताप भरला.

आवडाबाई पेज शिजवतच राहिली. पण नळीत नुसतं पाणी सोडी, पेज मोरीत ओती. कोणाला बोलली नाही. ताप काय तिला नवा होता?

ताप हटेना. अंग तव्यासारखं, श्वास भात्यासारखा. डॉक्टरांनी नळीला पिचकारी लावून पोटातलं मागे ओढून बघितलं. निव्वळ हिरवं पाणी आलं.

"मावशी, पेज कुठाय?"

"मोरीत."

तिचा दीर केरू उसळला. "वयनी! दादाला उपाशी मारतंस?"

"तापात कोण जेवतो रे? तुला गोवर आला तवा मीच उपाशी ठेवला, म्हणून हितं बोंबलायला उरलास."

डॉक्टर ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले. "आतड्यात जंतू असतात, मावशी. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. धडधाकट माणसाच्या पोटात ते राखण करतात. यांच्या पोटातले निम्मे आमच्या औषधांनीच मेलेत. त्यात आतडं उपाशी पडलं की त्याचं अस्तर झिजतं, आणि उरलेले रक्तात उतरतात. मग ताप वाढतो."

"मंजे ते चांगले का वायट?"

"आपल्या जागी आहेत तोवर चांगले."

"माज्यामुळं उतरले?"

"ते मी सांगू शकत नाही. पण आता पोट रिकामं ठेवू नका."

केरूने पिचकारी हिसकावली. "आण हिकडं. तुझ्या हाताचा भरवसा नाय."

"नळी धरायची ठाऊक हाय? पेज छातीत गेली तर?"

केरूने पिचकारी परत दिली.

"थोडी थोडी," डॉक्टर म्हणाले.

"आन ताप?"

"ताप असतानाच."

आवडाबाईने दट्ट्या दाबला. पांढरी पेज नळीतून सरकत नाकात शिरली. आपण पेटत्या घरात लाकडं टाकतोय, असंच तिला वाटत होतं. आजवर ज्या आयांना झाडलं त्या सगळ्या खाटेभोवती उभ्या राहून बघतायत, असंही. तरी तिने पिचकारी रिकामी केली.

संध्याकाळी ताप तसाच. तिने महिपतच्या पोटावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. आतले आपल्या जागी आहेत की नाही, काही कळलं नाही. मग उठून ती तांदूळ धुवायला गेली.