नाल्यातला निळा दगड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही माहीत नाही — त्याला कळलं तर तो आधी हसेल, कारण गोष्ट एका दगडाची आहे. दगडासाठी कुणी खोटं बोलतं का? मी बोलले.

आम्ही पोंभुर्ण्याला राहतो. माझी मोठी जाऊ, मंदाबाई, दगड गोळा करतात. दिसायला साधे, पण अंधारात जांभळ्या टॉर्चखाली धरले की रंग बदलणारे. टॉर्च मोठ्या दिरांच्या दुकानातली, नोटा तपासायची. भर दुपारी धानाच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, टॉर्च पेटवायची — आणि मळकट खडा एकदम शेंदरी व्हायचा, दुसरा जांभळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टॉर्चच उलटसुलट करून बघितली होती. मंदाबाई पोट धरून हसल्या.

काय नजर त्या बाईची! शेताच्या बांधावर, रस्त्याच्या खडीत, विहिरीतून काढलेल्या मुरमात — चालता चालता वाकतात, उचलतात, आणि त्यातला एखादा तरी उजळतोच. आणि मी? नुसती सोबत चालणारी. गल्लीतल्या बाया त्यांचे दगड बघायला यायच्या. मला कौतुक वाटायचं — खरंच वाटायचं, आजही वाटतं. पण कौतुकाच्या पोटात काय काय दडलेलं असतं, ते तुम्हालाही ठाऊक असेलच.

एका दुपारी टॉर्चचा उजेड माझ्या पांढऱ्या पदरावर पडला आणि पदर निळा उजळला. कपडे धुण्याच्या पावडरीनं असं होतं, हे मंदाबाईंनीच मला शिकवलं. म्हणून तर त्या दगड नुसत्या पाण्यानं धुतात.

मी नाल्यातून एक खरबरीत पांढरा दगड आणला. त्या पावडरीच्या पाण्यात भिजत घातला. उन्हात वाळवला. आणि मला सापडला म्हणून त्यांच्यापुढे ठेवला.

टॉर्चखाली तो निळा पेटला. मंदाबाईंनी तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"मानलं वो तुह्या नजरेले! मले इतक्या वर्सात काऊन नाई दिसला?"

तेव्हाच सांगायचं होतं. थट्टेवारी गेलं असतं — जावा-जावांत एवढं चालतंच. पण त्यांनी गल्लीभर सांगितलं, धाकटीची नजर माझ्याहून तेज आहे म्हणून. आणि मला ते आवडलं. हो, फार आवडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची — मी मूठ झाकूनच ठेवली. वर सांगितलं, या दगडाला पाणी लावू नका, रंग जाईल. त्यांनी नाही लावलं. पावडरीची गोष्ट त्यांना माहीत होती, तरी माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

तेव्हापासून त्या त्याच नाल्यात तसाच दुसरा दगड शोधतात. दरवर्षी पाणी उतरलं की. बाकीच्या जागा सुटल्या. मी बरोबर असतेच. एकदा त्या दमून म्हणाल्या, चल परत. तर मीच म्हणाले — थोडं आणखी वर पाहू! का? शोध थांबला असता तर मी पुन्हा नुसती सोबत चालणारी झाले असते, म्हणून. आजही हे आठवलं की स्वतःची किळस येते.

यंदा त्या शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "दगडाचं काई नाई वो. माह्याच डोळ्यात आता दम नाई राह्यला."

त्यांच्या डोळ्यांत काहीही कमी नाही. तसा दगड तिथे कधी नव्हताच.

प्लास्टर निघालं की त्या पुन्हा नाल्यात जाणार आहेत. दगड आणायची थैली फाटली, असं काल म्हणाल्या. मी मशीनवर बसले आणि नवी शिवून दिली — मोठी, दुहेरी शिवणीची.